पत्रपेटी : उतारा ठरवता कधी?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांचं दुखणं एकच आहे, रविवारच्या संदेशाची, म्हणजे उपदेशाची, तयारी आणि तिला लागणारा वेळ, म्हणून ती एकत्र घेतो. मी एकतीस वर्षं रविवारी पुलपिटवर, चर्चमधल्या उपदेशाच्या व्यासपीठावर, उभा राहिलो, आता निवृत्त आहे. इथे सांगतोय त्यातलं बरंचसं मला उशिरा कळलं. तुम्हाला लवकर कळावं एवढ्यासाठी लिहितो.

प्रश्न : मला पाळकीय सेवेत तीन वर्षं झाली. मंडळीत मी एकटाच सेवक. रविवारचा संदेश, बुधवारची प्रार्थनासभा, घरभेटी, इस्पितळ, कमिटीच्या बैठका, शिवाय अचानक येणारे दफनविधी. दर सोमवारी ठरवतो, या आठवड्यात लवकर बसायचं. प्रत्यक्षात शनिवारी रात्री नऊला बसतो आणि दोन वाजतात. रविवारी डोळे जड, आवाज बसलेला. संदेशाच्या तयारीला आठवड्यातला एक अख्खा दिवस मिळाला तर सगळं सुटेल असं वाटतं. तो कुठून काढू?
— एक तरुण पाळक

उत्तर : तो दिवस मिळणार नाही. मलाही कधी मिळाला नाही. त्या दिवसाची वाट बघण्यातच आपला मंगळवार, बुधवार, गुरुवार निघून जातो, कारण हातात असलेला दीड तास आपल्याला फार थोडा वाटतो.

तुमची आज जी गत आहे तीच माझी चौथ्या वर्षापर्यंत होती. एका रविवारी उपासना सुटल्यावर मी दाराशी उभा होतो. मंडळीतल्या एक वृद्ध बाई माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, “पाळकसाहेब, आज तुम्ही आमच्याकडे एकदाही पाहिलं नाहीत.” रागावून नव्हे, काळजीने म्हणाल्या. खरंच होतं ते. कागद पहाटे लिहून संपला होता, नंतर मी तो एकदाही वाचला नव्हता. मग कागदावरून नजर उचलायची सोय कुठली?

दुसऱ्या दिवशी मी एक वही घेतली आणि चार आठवडे, संदेशासाठी गेलेला वेळ अर्ध्या-अर्ध्या तासाने लिहून ठेवला. कुणाला दाखवायला नव्हे, स्वतःला कळावं म्हणून. तुम्हीही हे आधी करा. एका आठवड्याचा हिशेब मला अजून पाठ आहे: एकूण सतरा तास, आणि त्यातले जवळजवळ सात कशावर बोलायचं हे ठरवण्यात गेलेले. बायबल उघडायचं, पानं उलटायची. हा उतारा नको, मागे झालाय. तो नको, कमिटीतल्या एका भावाला वाटेल त्यांनाच बोललो. हा सुंदर आहे पण कठीण आहे. शुक्रवारी एक ठरवायचा, शनिवारी दुपारी बदलायचा. लिहायला वेळ कमी पडतो अशी माझी समजूत होती. वेळ जात होता निवडण्यात, आणि निवडणं ही तयारी नव्हे.

म्हणून माझं पहिलं सांगणं एवढंच: उतारा आठवड्यात ठरवूच नका. तीन महिन्यांचे उतारे एका बैठकीत ठरवा आणि तो कागद भिंतीवर लावा.

यात नवं काही नाही. १ जानेवारी १५१९ ला धर्मसुधारक झ्विंगली स्वित्झर्लंडमधल्या झुरिकच्या पुलपिटवर पहिल्यांदा उभे राहिले, तो त्यांचा पस्तिसावा वाढदिवस होता. त्या दिवशी त्यांनी मत्तयाच्या पहिल्या अध्यायापासून सुरुवात केली आणि तेच शुभवर्तमान पुढे क्रमाने चालवलं. दुसरे धर्मसुधारक कॅल्विन, त्यांना १५३८ मध्ये जिनिव्हातून घालवून दिलं. १५४१ मध्ये परत बोलावल्यावर ते पुलपिटवर चढले आणि जिथे थांबले होते त्याच्या पुढच्याच वचनापासून बोलू लागले. मधल्या तीन वर्षांबद्दल गाऱ्हाणं नाही, काही नाही. मला ही गोष्ट फार आवडते. त्या माणसाला ‘आज काय बोलू’ हा प्रश्न पडायचं कारणच नव्हतं.

तुमच्या मंडळीत वाचनमाला, म्हणजे कोणत्या रविवारी बायबलचे कोणते उतारे वाचायचे हे ठरवून दिलेली यादी, वापरत असतील तर निम्मं काम आधीच झालेलं आहे. अनेक मंडळ्यांनी स्वीकारलेली सुधारित सामायिक वाचनमाला १९९२ मध्ये आली. तिचं चक्र तीन वर्षांचं: पहिल्या वर्षी मत्तय, दुसऱ्या वर्षी मार्क, तिसऱ्या वर्षी लूक, आणि योहान तिन्ही वर्षांत वाटलेला. दर रविवारी सहसा चार वाचनं असतात: जुना करार, स्तोत्र, पत्र आणि शुभवर्तमान. चारही उताऱ्यांवर बोलायचा मोह टाळा. एकच घ्या. मी बहुतेक वेळा एक पुस्तक धरून क्रमाने जायचो आणि आगमनकाळ, उपवासकाळ, पुनरुत्थान दिन अशा वेळी वाचनमालेकडे वळायचो. दोन्ही चालतं. रोज नव्याने ठरवणं तेवढं बंद व्हायला हवं.

आता आठवडा. रविवारी रात्री झोपण्याआधी पुढच्या रविवारचा उतारा एकदा मोठ्याने वाचा. दहा मिनिटं. काही लिहू नका. सोमवारी खरंच विश्रांती घ्या. येशूने शिष्यांना ‘एकांती चला, थोडा विसावा घ्या’ असं म्हटलं (मार्क ६), तेव्हा भोवतीची गर्दी काही ओसरलेली नव्हती.

मंगळवारी सकाळी दीड-दोन तास. या बैठकीत भाष्यं, म्हणजे बायबलचा अर्थ उलगडणारे ग्रंथ, उघडायची नाहीत, मोबाइल दुसऱ्या खोलीत. उतारा हाताने उतरवून काढायचा, कागदाच्या डाव्या बाजूला, उजवी बाजू कोरी ठेवून. हे बाळबोध वाटेल. मलाही वाटलं होतं. पण डोळा ज्या शब्दावरून घसरतो तिथे हात थांबतो, आणि जिथे थांबला तिथे कोऱ्या बाजूला प्रश्न लिहायचा. भाष्यं बुधवारी, तेही त्या प्रश्नांपुरतीच. नाहीतर भाष्यं ही वेळ गिळणारी दुसरी विहीर आहे. चार ग्रंथ वाचून आपण विद्वान होतो आणि संदेश होत नाही.

एक आठवडा जवळून दाखवतो. लूक १५, उधळ्या पुत्राचा दाखला: वाटणी उधळून डुकरं चारायची वेळ आलेला, त्यांच्या शेंगांवर पोट भरू पाहणारा मुलगा बापाकडे परततो. इतक्यांदा ऐकलेला की त्यात नवं काही दिसेना. मंगळवारी उतरवून काढला, उजवी बाजू कोरीच राहिली. बुधवारी दुपारी इस्पितळात एका आजारी गृहस्थांना भेटायला गेलो. धाकट्या भावाशी त्यांचं कित्येक वर्षं बोलणं नव्हतं आणि तो त्याच दिवशी येणार होता. त्यांनी चार वाक्यं ठरवून ठेवली होती. बोटांवर मोजत ती पुटपुटत होते, मला म्हणून दाखवली. भाऊ आला. खांद्यावरची पिशवीही खाली न ठेवता थेट खाटेशी आला आणि त्यांच्या कपाळावर हात ठेवला. त्यांची दोन वाक्यं झाली. तिसरं राहून गेलं.

संध्याकाळी टेबलावर तोच कागद होता. अठराव्या-एकोणिसाव्या वचनांत मुलगा मनाशी ठरवतो: मी पाप केलं आहे, मी तुमचा पुत्र म्हणवून घ्यायला योग्य नाही, मला एका मोलकऱ्यासारखं ठेवा. एकविसाव्या वचनात तो बापासमोर उभा राहून बोलतो, आणि मोलकऱ्याचं वाक्य तिथे नाही. बाविसाव्या वचनात बाप चाकरांशी बोलू लागलेला आहे. मी स्वतःच्या हाताने ते उतरवलं होतं आणि तरी मला दिसलं नव्हतं. बुधवारच्या त्या खाटेशी उभा राहिलो नसतो तर त्या रविवारी मी पुन्हा डुकरांवर आणि शेंगांवरच बोललो असतो.

(त्या भावांचा उल्लेख मी संदेशात केला नाही. भेटीत कळलेलं पुलपिटवर न्यायचं नाही, नाव न घेताही नाही, मंडळी ओळखते. आज लिहितो, कारण ते दोघेही आता नाहीत आणि त्या गोष्टीला फार वर्षं झाली.)

यातून वेळेबद्दल मला जे कळलं ते असं: घरभेटी आणि इस्पितळ संदेशाचा वेळ खात नाहीत, पण उतारा आधीपासून सोबत असेल तरच. शनिवारी रात्री उतारा उघडणाऱ्याला बुधवारची भेट ही नुसती खोटी झालेली दुपार वाटते. तीच भेट मंगळवारी उतारा वाचलेल्याला तयारीचाच भाग वाटते. तुमचा आठवडा तोच राहील, तास तेवढेच राहतील. सुरुवात मात्र मागे सरकवा.

गुरुवारी सगळा संदेश एका वाक्यात लिहायचा. हे सगळ्यात कठीण काम, आणि इथे एक तास बसूनही हाती काही लागलं नाही तर घाबरू नका. ते वाक्य मिळालं की शुक्रवारी लिहायला मला तीन तास पुरायचे, न मिळता बसलो तर सहाही पुरले नाहीत. मी पूर्ण संदेश शब्दशः लिहीत असे. काही जण मुद्देच लिहितात आणि उत्तम बोलतात. माझ्याच्याने ते झालं नाही. शनिवारी सकाळी उभं राहून एकदा मोठ्याने म्हणायचा, लांबलेलं छाटायचं, आणि दुपारी बारानंतर कागदाला हात लावायचा नाही. सुरुवातीला हे पाळणं जड जाईल. एखादा परिच्छेद कच्चा वाटेल. कच्चा राहू द्या. पूर्ण झोपलेल्या पाळकाचा थोडा कच्चा संदेश मंडळीला जास्त नीट पोचतो. या सगळ्याला दहा-अकरा तास लागायचे. माझ्या वहीतल्या सतरांतून निवडण्याचे सात गेल्यावर तेवढेच उरतात.

अडथळ्यांविषयी. मार्कच्या पाचव्या अध्यायात येशू याईराच्या घरी निघालेला आहे, याईराची बारा वर्षांची मुलगी मरणाला टेकली आहे, आणि वाटेत बारा वर्षं आजारी असलेली बाई त्याच्या वस्त्राला शिवते. तो थांबतो. तिचं सगळं ऐकून घेतो. आणि मग याईराच्या घरी जातोच. मी हे दोन्ही धरून चालत असे. दार वाजलं तर उघडायचं; मंगळवारची बैठक मोडली तर ती ‘गेली’ असं न म्हणता त्याच दिवशी किंवा दुसऱ्या पहाटे तिला जागा द्यायची. मात्र फोनवरचा प्रत्येक निरोप म्हणजे ती आजारी बाई नव्हे. सभागृहाची किल्ली कुणाकडे आहे हे सांगायला पाळक लागत नाही. प्रेषितांनी अन्नवाटपाचं काम बघायला सात माणसं निवडायला सांगितली (कृत्ये ६) ती याचसाठी. इथ्रोने सकाळपासून संध्याकाळपर्यंत न्यायनिवाडा करत बसलेल्या आपल्या जावयाला, मोशेला, ‘तू करतोस हे बरं नाही’ असं सुनावलं तेही याचसाठी. कमिटीसमोर हे दोन उतारे वाचा आणि मंगळवार व शुक्रवारची सकाळ स्पष्ट मागून घ्या. मी मागायला अकरा वर्षं लावली. त्यांनी पाच मिनिटांत होकार दिला. आधीच मागायला हवं होतं, ही हळहळ मला अजून आहे.

दफनविधीच्या आठवड्यात मात्र यातलं काहीच जमणार नाही. त्यासाठी दोन संदेश लिहून बाजूला ठेवलेले असावेत, एखाद्या स्तोत्रावरचे, कधीही चालतील असे. निवांत आठवडा आला की तेवढं काम करून ठेवा. आणि शोकात असलेल्या घरासाठी तुमचा वेळ गेला म्हणून रविवारचा संदेश लहान झाला, तर मंडळीला कारण ठाऊक असतं.

प्रश्न : मी पूर्णवेळ पाळक नाही. दिवसभर नोकरी, संध्याकाळी सातला घरी. मंडळी लहान आहे. पूर्णवेळ सेवकांचे संदेश ऐकले की स्वतःची लाज वाटते. माझ्याकडे आठवड्याला जेमतेम पाच तास आहेत.
— नोकरी सांभाळून सेवा करणारा

उत्तर : लाज काढून टाका. करिंथमध्ये प्रेषित पौल अक्विला आणि प्रिस्किल्ला या जोडप्याबरोबर तंबू करत होता आणि शब्बाथ दिवशी सभास्थानात बोलत होता. तोही दिवसभर हाताने काम करणारा माणूस होता.

पाच तासांत पाच तासांचा संदेश करा. पस्तीस मिनिटं बोलायचा हट्ट सोडा, पंधरा-सोळा मिनिटं पुरे. नासरेथच्या सभास्थानात येशूने यशयाचा उतारा वाचला आणि लूकने त्यावरचं त्याचं पहिलं वाक्य नोंदवलं ते एवढंच: हा शास्त्रलेख आज तुम्ही ऐकत असता पूर्ण झाला आहे. थकून आलेल्या संध्याकाळवर भरवसा ठेवू नका. सकाळी अर्धा तास लवकर उठून पाच दिवस, म्हणजे अडीच तास झाले. उरलेले अडीच तास शनिवारी सकाळी, एका बैठकीत. उताऱ्याचा कागद घडी करून खिशात ठेवा, जाता-येता काढा. सुचलेलं लगेच फोनवर बोलून ठेवा, नाहीतर ते दारापर्यंतही टिकत नाही. मोठा उतारा दोन रविवारांत वाटा.

आणि महिन्यातला एक रविवार मंडळीतल्या दुसऱ्या कुणाला तरी द्या. आधी महिनाभर त्यांच्यासोबत बसा. ‘ते माझ्यासारखं बोलणार नाहीत’ हे खरं आहे, आणि त्याला हरकत नाही.

प्रश्न : आता मोबाइलवर कृत्रिम बुद्धिमत्तेला उतारा सांगितला की दोन मिनिटांत तीन मुद्द्यांचा संदेश मिळतो. वेळेचा प्रश्नच मिटला. यात गैर काय?
— एक वाचक

उत्तर : दुसऱ्याचा संदेश वापरणं हे मुळातच पाप आहे असं मी म्हणणार नाही. ज्याला चांगलं बोलता येतं पण रचता येत नाही, त्याने दुसऱ्याने नीट लिहिलेलं पाठ करून लोकांना सांगावं, यात गैर नाही, असं प्राचीन काळचे बिशप ऑगस्टीन यांनीच म्हणून ठेवलं आहे. इंग्लंडच्या मंडळीने १५४७ मध्ये छापील उपदेशांचा संग्रह काढला, तो चर्चमध्ये वाचून दाखवायलाच. पण ते उघड होतं. वाचणारा वाचतोय हे ऐकणाऱ्याला माहीत होतं. उसनं घेतलंत तर सांगून घ्या.

यंत्राकडून एखाद्या शब्दाचे इतर उल्लेख शोधा, तेही स्वतः बायबल उघडून पडताळून, कारण ते चुकीची वचनंही तितक्याच खात्रीने देतं. पण मंगळवारची बैठक त्याला देऊ नका. दोन मिनिटांत मिळालेल्या संदेशात वाचवलेला वेळ हा नेमका तोच वेळ आहे ज्यात वचन आधी तुमच्याशी बोललं असतं. जुन्या करारातल्या एज्रा शास्त्र्याने आधी नियमशास्त्राचा अभ्यास करण्याकडे, मग ते पाळण्याकडे आणि मग शिकवण्याकडे मन लावलं (एज्रा ७:१०). पहिल्या दोन पायऱ्या यंत्राला तुमच्या वतीने चढता येत नाहीत. आणि ज्या बहिणीचा मुलगा गेल्या महिन्यात घर सोडून गेला, ती कुठल्या बाकावर बसणार आहे हे तुम्हाला ठाऊक आहे.

प्रश्न : माझे यजमान पाळक आहेत. शनिवारी संध्याकाळपासून आमच्या घरात कुणी मोठ्याने बोलत नाही. मुलं दबकून वावरतात. धाकटीने परवा विचारलं, “बाबांना शनिवारी राग का येतो?” मी त्यांना काही म्हटलं तर त्यांना वाटतं मी सेवेच्या आड येते. मी काय करू?
— एक पाळकीणबाई

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तुम्ही सेवेच्या आड येत नाही आहात. धाकटीचं वाक्य त्यांना जसंच्या तसं सांगा, शनिवारी नव्हे, सोमवारी, ते निवांत असताना. वर पहिल्या पत्राला दिलेलं उत्तर त्यांना वाचायला द्या. मी सांगितलं म्हणून दिलंत असं म्हणा, म्हणजे बोलणं माझ्यावर येईल.

आमच्या घरीही हेच होतं. माझ्या पत्नीने भांडण केलं नाही. गुरुवारी रात्री सगळं आवरलं की ती खुर्ची ओढून माझ्यासमोर बसायची आणि म्हणायची, “या रविवारचं एका वाक्यात सांगा.” पहिले कित्येक गुरुवार मला सांगता आलं नाही. मी पाच मिनिटं काहीतरी बोलायचो, ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, “अजून झालेलं नाही.” मग हळूहळू गुरुवारी तिच्यासमोर रिकाम्या हाताने बसायला नको म्हणून मी मंगळवारी बसू लागलो. काही महिन्यांनी एका शनिवारी संध्याकाळी मुलांनी मला खेळायला बोलावलं. मी उठून गेलो, आणि कागद टेबलावरच राहिला.